फटक्यामागचे स्नायू: बॅट-रॅकेटवाल्यांनी कोणती साधनं घ्यावी, कशी वापरावी

संध्याकाळी गोव्यात म्हापशाच्या पेडे क्रीडा संकुलात किंवा पणजीत कांपालच्या हॉलवर बॅडमिंटनला येणाऱ्यांच्या बॅगा बघा. दोन-तीन रॅकेट, ग्रिपचे रोल, शटलची नळी, गुडघ्याचा पट्टा, दुखण्यावरचा स्प्रे, सगळं असतं. साधा रबरी बँड मात्र क्वचित कुणाकडे सापडतो. क्रिकेटवाल्यांची गतही तीच. भातकापणी होऊन शेतं सुकली की गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धा सुरू होतात. पोरं एका रविवारी दोन-तीन सामने खेळतात आणि शिमगा येईपर्यंत बऱ्याच जणांचा खांदा नाहीतर कोपर धरलेलं असतं.

जोरात मारायला लागणारे स्नायू खेळता खेळता बऱ्यापैकी तयार होतात. मारून झाल्यावर तो हात थांबवणारे स्नायू त्या प्रमाणात तयार होत नाहीत, आणि दुखापत बहुतेक वेळा त्यांनाच होते. म्हणून साधनांवर पैसा आणि वेळ घालवायचा क्रम मी असा ठरवला आहे: आधी थांबवणाऱ्या स्नायूंसाठी, मग पाय आणि कमरेसाठी, आणि वेग वाढवणाऱ्या साधनांसाठी सगळ्यात शेवटी. दुकानात आणि ऑनलाइन जाहिरातींत हा क्रम नेमका उलटा दिसतो.

जोर कुठून येतो, कुठे अडतो

कव्हर ड्राइव्ह घ्या, स्मॅश घ्या, टेनिसची सर्व्हिस घ्या. पाय जमिनीला रेटतात, कंबर वळते, तिच्या मागोमाग छाती वळते, मग खांदा, कोपर आणि शेवटी पुढचा हात. प्रत्येक भाग मागच्याकडून वेग घेतो, स्वतःची भर घालतो आणि पुढे देतो. टेनिसच्या सर्व्हिसची मोजमापं झाली आहेत. त्यांत एकूण ऊर्जेचा साधारण निम्मा वाटा पाय, कंबर आणि धड यांचा निघतो. नुसते दंड फुगवून स्मॅश का वाढत नाही, याचं उत्तर यात आहे.

या साखळीत दोन ठिकाणी घोळ होतो. पहिलं ठिकाण पाठ. कमरेचे पाच मणके सगळे मिळून एका बाजूला जेमतेम दहा-पंधरा अंश वळतात. खरी फिरकी छातीमागच्या बारा मणक्यांत आणि खुब्यात असते. दिवसभर खुर्चीत बसून पाठीचा वरचा भाग आखडला, की फटका मारताना शरीर ती कसर कमरेतून काढतं आणि कंबर धरते. दुसरं ठिकाण पुढचा हात. आपण ज्याला मनगटाचा फटका म्हणतो, त्यात मनगट वाकण्यापेक्षा कोपराखालची दोन हाडं एकमेकांवर फिरण्याचा भाग मोठा असतो. त्यामुळे मनगट वर-खाली करण्याच्या व्यायामाने अर्धंच काम होतं.

आता थांबवण्याचं बघू. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग २०२३मध्ये ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. तो गिनीज विक्रम आहे. शटल सुटून गेलं, पण ज्या हाताने ते मारलं तो हात क्षणार्धात थांबवावा लागतो. खांद्याच्या सांध्याभोवती रोटेटर कफचे चार छोटे स्नायू असतात. त्यांतले फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या, मागच्या बाजूचे दोन हे ब्रेकचं काम करतात. ते आखडत नसतात, ताणले जात असताना जोर लावत असतात, आणि स्नायूला सगळ्यात जड जातं ते हेच. आपण शंभर किलोमीटरचा स्मॅश मारू किंवा दोनशेचा, ब्रेक लागतोच.

कोपराचंही तसंच. मनगट उचलून धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटतात, आणि ती जागा दुखू लागली की तिला टेनिस एल्बो म्हणतात. टेनिसची रॅकेट हातात न धरणाऱ्यालाही तो होतो. २००४मध्ये सचिन तेंडुलकरला झाला होता, आणि २००५मध्ये त्याला शस्त्रक्रिया करावी लागली. जड बॅटने खेळणारा फलंदाज होता तो. कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर तो गोल्फर्स एल्बो.

विकत घेण्याआधी घरच्या घरी तपासणी

पंधरा मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. सोबत कुणीतरी बघणारं हवं.

खुर्चीत ताठ बसा, दोन्ही गुडघ्यांत गुंडाळलेला टॉवेल दाबून धरा म्हणजे कंबर हलणार नाही. झाडूचा दांडा छातीवर आडवा धरून हात त्यावर फुलीसारखे ठेवा आणि डावीकडे, मग उजवीकडे वळा. दोन्हीकडे साधारण ४५ अंश वळता आलं तर पाठ मोकळी आहे. एका बाजूला ठळकपणे कमी असेल तर जड साधनांना हात लावण्याआधी दोन-तीन आठवडे पाठ मोकळी करण्यावर घालवा.

मग एका पायावर उभे राहून सावकाश खुर्चीत बसा आणि त्याच पायावर उठा. समोरच्याने गुडघ्याकडे बघायचं. गुडघा आत कलत असेल तर नितंबाच्या बाजूचे स्नायू कमजोर आहेत, आणि तुमचा फटका जमिनीपासूनच गळतो आहे.

तिसरी तपासणी जमिनीवर पाठीवर झोपून. हात खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात, बोटं छताकडे. आता खांदा जमिनीवरून न उचलता तळवा पायांच्या दिशेने खाली न्या. दोन्ही हात करून बघा. खेळायचा हात दुसऱ्यापेक्षा वीसेक अंशांनी कमी जात असेल तर खांद्याची मागची बाजू आखडली आहे. असा खांदा घेऊन स्मॅशचा सराव वाढवू नका. आधी ताण द्या. तोच हात छातीवरून आडवा घेऊन दुसऱ्या हाताने अर्धा मिनिट जवळ ओढून धरायचा, रोज तीनदा.

काय घ्यावं, काय घेऊ नये

मध्यम दर्जाच्या एका बॅडमिंटन रॅकेटच्या पैशांत खालच्यातलं बहुतेक सगळं येतं.

सुरुवात बँडपासून. दीड-दोन मीटर लांबीचा सपाट पट्टीसारखा लॅटेक्स बँड घ्या, एक हलका आणि एक मध्यम. हँडल लावलेली रबरी नळीही चालते, पण तिच्या टोकांना लोखंडी कड्या असतात, आणि कळंगुट-कोलवा पट्ट्यात राहणाऱ्यांना खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. रंगावरून ताकद ठरवू नका, दर कंपनीचा रंग वेगळा असतो. दुकानात ओढून बघा: पंधरा वेळा नीट ओढता आला आणि शेवटचे तीन जड गेले, तो तुमचा.

मेडिसिन बॉल, म्हणजे फेकण्याच्या व्यायामाचा जड बॉल, प्रौढ पुरुषाला तीन किलोचा, स्त्रियांना दोनचा, चौदा-पंधराच्या मुलांना एक-दीडचा पुरतो. जास्त वजनाचा मोह टाळा. जड बॉलने हात मंदावतो आणि ज्यासाठी तो घेतला तेच साधत नाही. एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. बॉल दोन प्रकारचे असतात, उसळणारे आणि न उसळणारे. भिंतीवर फेकायला थोडा उसळणारा बरा, जमिनीवर आपटायला मात्र न उसळणाराच लागतो, कारण उसळणारा थेट तोंडावर येतो. चामड्याचा घेऊ नका. आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते.

मुद्गलाबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण ते आपलं जुनं आणि या कामासाठी अगदी नेमकं साधन आहे. तालमीतून ते इंग्रज सैनिकांनी पाहिलं, एकोणिसाव्या शतकात युरोपात नेलं, आणि १९०४ आणि १९३२च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली. वजन टोकाला आणि पकड दुसऱ्या टोकाला असल्यामुळे फिरताना मुद्गल हाताला बाहेर ओढतं आणि खांद्याच्या मागच्या स्नायूंना प्रत्येक फेऱ्यात ब्रेक लावावा लागतो. नेमकं हेच आपल्याला हवं आहे. सुरुवातीला एक ते दीड किलोची जोडी घ्या. तालमीतली पाच-दहा किलोची मुद्गलं पैलवानांसाठी. विकत मिळतात, पण कातारी ओळखीचा असेल तर करून घेणं उत्तम. पेडणे-डिचोलीकडच्यांना सावंतवाडी जवळ आहे, तिथे लाकडाचं कातकाम करणारे कारागीर आहेत. मूठ हाताच्या मापाची आणि मुठीच्या टोकाला गोळा हवाच, नाहीतर घामाने सुटून मुद्गल उडतं.

पाय-कमरेसाठी एक केटलबेल (वर मूठ असलेला लोखंडी गोळा) किंवा वजनं बदलता येणारा डंबेल पुरे. आठ ते बारा किलोंपासून सुरुवात करा.

बाकीचं घरात आहे. अर्ध्या किलोची हातोडी. कोपराखालची हाडं फिरवण्यासाठी तिच्यापेक्षा चांगलं साधन मी बघितलेलं नाही. मनगटासाठी पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, मधोमध भोक, त्यातून मीटरभर दोरी आणि टोकाला पाण्याची लिटरची बाटली. आणि तांदळाची बादली: जुन्या उकड्या तांदळाने अर्धी भरायची, हात मनगटापर्यंत खुपसायचा आणि बोटं पसरायची, मिटायची, वळवायची. उकड्याचा दाणा जाड आणि टणक, तो लवकर पीठ होत नाही.

घेऊ नये त्यांत पहिला क्रमांक उभं राहून कमर फिरवायच्या तबकडीचा. नगरपालिकेच्या बागांतल्या उघड्या जिममध्येही ती असते आणि तिच्यापुढे रांग लागते. तिच्यावर कमर विनाभार गरगरा फिरते, ताकद काही वाढत नाही, आणि ज्यांची कंबर आधीच धरते त्यांना ती त्रासच देते. मनगटाला वजनाचे पट्टे बांधून खेळू नका. खेळताना हाताचा अंदाजच बदलतो आणि कोपरावर भार येतो. मुठीत दाबायची स्प्रिंग वाईट नाही, पण ती फक्त मूठ मिटणारे स्नायू वाढवते. बॅट-रॅकेट धरून ते आधीच पुष्कळ काम करतात. उघडणाऱ्यांसाठी पाचही बोटांभोवती जाड रबर लावून बोटं पसरा, ते बिनखर्चाचं आहे.

बँड बांधायची जागा

जुन्या घरांच्या खिडक्यांना लोखंडी गज असतात, तिथे बँड बांधणं सगळ्यांना सुचतं. गजाच्या गंजलेल्या पापुद्र्याने लॅटेक्स कापला जातो, म्हणून आधी गजाभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, आणि गज लाकडी चौकटीत हलत नाही ना ते दोन्ही हातांनी ओढून बघा. दारात अडकवायचा तर बँडच्या मध्यावर जाड गाठ मारून ती बिजागरीच्या बाजूने दाराच्या पलीकडे टाका, आणि ज्या बाजूने ओढल्यावर दार चौकटीत आणखी घट्ट बसेल त्याच बाजूला उभे राहा. उलट बाजूला उभे राहिलात तर दार उघडून अंगावर येईल. अंगणातला माड सोयीचा वाटतो, पण नारळ पाडून घेतलेले नसतील तर त्याखाली व्यायाम नको. पोफळीही नको, ती वाकते.

ओढताना बँड डोळ्यांच्या रेषेत येणार नाही असं उभं राहा, आणि मूळ लांबीच्या दुप्पट-अडीचपटीच्या पुढे ताणू नका.

प्रत्यक्ष व्यायाम

ज्यात वेग लागतो ते शरीर ताजं असताना, म्हणजे आधी. खांद्याचे छोटे स्नायू शेवटी, कारण ते थकल्यावर बॉल फेकणं धोक्याचं. लेखात मात्र मी खांद्यापासून सुरू करतो, कारण नवख्याने पहिले चार आठवडे खांदा, पाय आणि धड इतकंच करायचं आहे. बॉल आणि मुद्गल त्यानंतर.

*बँडने हात बाहेर वळवणं.* हा एकच व्यायाम करणार असाल तर हाच करा. बँड कोपराच्या उंचीवर बांधा, त्याला आडवे उभे राहा, खेळायचा हात बांधलेल्या जागेपासून लांबच्या बाजूला. कोपर काटकोनात आणि बरगडीला टेकलेलं. कोपर आणि बरगडी यांच्यात गुंडाळलेला हातरुमाल ठेवा. तो पडला तर समजा कोपर सुटलं. अंगठा वर. पुढचा हात पोटासमोरून बाहेर न्या, एक सेकंद थांबा. आता खरा व्यायाम सुरू होतो: परत येताना मनात चार मोजत या. बँड तुम्हाला ओढतो आहे आणि तुम्ही त्याला सावकाश सोडता आहात, हीच ती ब्रेकची तालीम. बहुतेक जण बाहेर नेताना जोर लावतात आणि परत येताना हात सोडून देतात, म्हणजे हवा तो अर्धा भाग टाकून देतात. बारा ते पंधरा वेळा, तीन सेट, दोन्ही हातांनी. दंडाचा पुढचा भाग भरून आला तर बँड जड आहे. जळजळ फऱ्याच्या मागे, काखेच्या वरच्या अंगाला जाणवली पाहिजे.

त्याला जोड चेहऱ्याकडे ओढण्याची. बँड कपाळाच्या उंचीवर, दोन्ही टोकं हातात, कोपरं उंच ठेवून कानांकडे ओढायचं आणि फरे एकमेकांकडे आणायचे. बारा वेळा, तीन सेट. मोबाइलवर वाकून बसणाऱ्या पोरांना याने उभं राहण्यातही फरक पडतो.

*वळू न देण्याचा व्यायाम.* फटक्यासाठी धड वळवायला शिकण्याआधी ते रोखायला आलं पाहिजे. बँड छातीच्या उंचीवर, तुम्ही आडवे. दोन्ही हातांनी टोक छातीजवळ धरा आणि सरळ समोर ढकला. बँड तुम्हाला आपल्याकडे फिरवू बघेल, फिरू नका. तीन सेकंद धरा, परत घ्या. दहा वेळा, दोन्ही बाजू, दोन-तीन सेट. गुडघे किंचित वाकलेले, श्वास रोखायचा नाही. हा जमला की मग वरून खाली तिरपं ओढणं आणि खालून वर तिरपं ओढणं सुरू करा. त्यात मागचा पाय टाच उचलून चवड्यावर वळू द्या आणि कंबर-छाती दोन्ही वळवा; पाय रोवून नुसती कंबर पिळू नका.

*पाय.* केटलबेल छातीशी धरून बैठका, दहा वेळा तीन सेट. एका पायावर उभे राहून, पाठ सरळ ठेवून पुढे वाकणं, विरुद्ध हातात वजन, आठ वेळा. बाजूला लांब पाऊल टाकून बसणं, हे बॅडमिंटनवाल्यांनी चुकवू नये. दोन्ही हातांनी केटलबेल मांड्यांमधून मागे नेऊन समोर झुलवण्याचा व्यायाम कमरेच्या झटक्यासाठी फार चांगला, पण तो बघून शिका. त्यात हात उचलायचे नसतात, नितंबाच्या धक्क्याने वजन वर आलं पाहिजे.

*कोपराखाली.* पुढचा हात टेबलावर, मनगट बाहेर, हातोडी दांड्याच्या टोकाला धरा. अंगठा वर ठेवून हातोडीचं डोकं सावकाश डावीकडे पाडा, मधे आणा, उजवीकडे पाडा. जड गेलं तर दांडा वर धरा, सोपं गेलं तर टोकाकडे सरका. एकाच हातोडीत सगळी वजनं आहेत. दहा-दहा वेळा, दोन सेट. दोरी-बाटलीचा पाइप हात समोर धरून गुंडाळा, तळवे खाली, आणि उतरवताना दुप्पट वेळ लावा. कोपराच्या बाहेरून दुखणाऱ्यांना हे उतरवणंच उपयोगी पडतं.

*मेडिसिन बॉल*, पाचव्या आठवड्यापासून. भिंतीपासून साधारण एक मीटरवर आडवे उभे राहा, बॉल मागच्या खुब्याजवळ, वजन मागच्या पायावर. मागच्या पायाने जमीन रेटा, कंबर आधी वळू द्या आणि हात शेवटी सोडा. पाच-सहा फेकी, दोन्ही बाजूंनी, तीन सेट, आणि प्रत्येक सेटनंतर पूर्ण दम येईपर्यंत विश्रांती. वेग मंदावला की थांबा. इथे थकणं हे ध्येय नाही. भिंत कुठली, हा आपल्याकडे मोठा प्रश्न. घराच्या गिलाव्याच्या भिंतीवर मारू नका, पापुद्रे पडतात. गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या कंपाउंडचा खडबडीतपणा बॉलची साल काढतो, आणि जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपण, मातीत रचलेला असेल तर तो ढासळेल. काँक्रीटची भिंत नसेल तर जोडीदाराकडे फेका किंवा मोकळ्या जागी लांब फेकून चालत जाऊन आणा. मला हेच जास्त आवडतं. किती लांब पडला ते दिसतं आणि परत येईपर्यंत दमही येतो.

*मुद्गल*. डोक्यावर पंखा, दिवा, वासा नाही ना ते आधी बघा. एका हाताने सुरुवात. मुद्गल छातीसमोर उभं, कोपर वाकलेलं आणि अंगाजवळ. ते खांद्यावरून मागे सोडा, पाठीमागे लोंबू द्या, आणि डोक्याच्या मागून दुसऱ्या बाजूने वळसा घालून पुन्हा छातीसमोर आणून थांबवा. थांबवणं महत्त्वाचं: दर फेऱ्यानंतर एक क्षण ते उभं, हललं नाही पाहिजे. छाती पुढे फेकून कमरेत कमान करू नका, पोट आवळलेलं ठेवा. आधी प्रत्येक हाताने आठ फेरे, दोन सेट. सहज जमलं की फेरे वाढवा, आणि एका हाताने वीस फेरे स्थिर जमेपर्यंत वजन वाढवू नका.

सगळं दोन्ही बाजूंनी करायचं. डाव्या हाताने मी कधी खेळत नाही, मग कशाला, असं बरेच जण विचारतात. खेळ शरीराला एकाच बाजूला वळवतो. व्यायामाने ते वळण भरून काढायचं असतं. वाढत्या वयातल्या मुलांच्या पाठीसाठी तर हे सक्तीचं समजा.

जड बॅट, जड रॅकेट

बॅट साधारण ११०० ते १३०० ग्रॅमची, टेनिसची रॅकेट तीनशेच्या आसपास, बॅडमिंटनची शंभराच्या आतली. रॅकेटवर वजनाचं कव्हर चढवून शॅडो, म्हणजे शटल-बॉलशिवाय फटक्यांचा सराव, करणं, दोन बॅटी एकत्र धरून फिरवणं, हे प्रकार मैदानावर रोज दिसतात. जड बॅट फिरवून टाकल्यावर आपली बॅट हलकी वाटते हे खरं, पण वाटणं आणि असणं वेगळं. बेसबॉलमध्ये याची मोजणी झाली आहे: फार जड बॅटने सराव करून लगेच खेळलं तर वेग कमीच होतो, आणि नेहमीच्या वजनापेक्षा फार तर दहाएक टक्के जड किंवा हलक्या बॅटने सराव केलेला बरा ठरतो. म्हणून सामन्याआधी दोन बॅटी फिरवू नका. वेगळ्या दिवशी, किंचित जड आणि किंचित हलक्या अशा दोन्हींनी सराव करायला हरकत नाही, तोही खांदा तयार झाल्यावर. बॅडमिंटनला स्क्वॉशच्या रॅकेटने शॅडो करण्याची जुनी पद्धत आहे. दहा-बारा फटक्यांपुरती ती ठीक.

आठवडा आणि वर्ष कसं मांडावं

आठवड्यातून दोन दिवस पुरे, तीन म्हणजे खूप झाले, आणि मधे एक दिवस सुट्टी. पूर्ण सत्र चाळीस-पन्नास मिनिटांचं: पाच-सात मिनिटं अंग गरम करणं, बॉल, पाय, धड, मग मुद्गल, बँड आणि शेवटी कोपराखालचं. सामन्याच्या आदल्या दिवशी काही नको. सामन्याआधी हलक्या बँडने दहा-बारा वेळा खांदा जागा करा, बस्स.

वर्षाची आखणी आपल्याला पाऊसच करून देतो. जून ते सप्टेंबर मैदानं आणि उघडी टेनिस कोर्टं बंद असतात. तोच ताकद बांधायचा काळ. जूनमध्ये बँड आणि पाय, जुलै-ऑगस्टमध्ये वजन वाढवत जाणं, चवथीच्या सुट्टीत थोडा आराम, आणि ऑक्टोबरमध्ये वजन कमी करून बॉल फेकण्याचा वेग वाढवणं. स्पर्धा सुरू झाल्या की आठवड्यातून एकदा, निम्म्या सेटचं सत्र चालू ठेवा. हे बंद करण्याची घाई होते आणि मग मार्चमध्ये खांदा बोलू लागतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात सकाळी सातच्या आत उरका.

"सर, पोराला आत्ताच जिममध्ये घालू का?" असं पालक विचारतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हलका बँड, स्वतःच्या वजनाच्या बैठका आणि एक किलोचा बॉल देखरेखीखाली चालतो. जड वजनाची घाई नको. चाळिशीनंतर हॉलवर येणाऱ्यांनी पायांपासून सुरुवात करावी आणि अंग गरम करण्याची वेळ दुप्पट धरावी.

दुखणं ओळखायला शिका. स्नायूंचं जड होणं दोन दिवसांत उतरतं. सांध्यात खुपणं, रात्री त्या कुशीवर झोपता न येणं, हात वर नेताना मधेच कळ येणं, बोटांना मुंग्या, कपबशी उचलताना कोपरात कळ: यांतलं काहीही आठवड्याच्या वर टिकलं तर व्यायाम थांबवून हाडांच्या डॉक्टरकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. स्प्रे मारून खेळत राहू नका.

पावसाळ्यात साधनं जपणं

बँड वापरून झाल्यावर घाम पुसा, सावलीत वाळवा, टाल्कम पावडर भुरभुरवून डब्यात ठेवा. ओला बँड गुंडाळून ठेवला की तो स्वतःलाच चिकटतो आणि सोडवताना फाटतो. उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका; लॅटेक्स कडक होऊन त्याला बारीक चिरा पडतात. दर आठवड्याला बँड उजेडासमोर ताणून धरा, चीर किंवा पांढुरका डाग दिसला तर टाकून द्या, गाठ मारून वापरू नका. मुद्गलाला पावसाआधी जवसाच्या तेलाचा हात द्या, आणि जमिनीवर उभं न ठेवता खुंटीला टांगा, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही लांब राहतात. केटलबेलला गंज चढला तर काथ्याने घासून तेलाचं फडकं फिरवा. तांदळाच्या बादलीत कडुलिंबाची सुकी पानं टाका आणि झाकण घट्ट लावा. बँडच्या कोपऱ्यात विकत घेतल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा; रोज वापरातला बँड आपल्या हवेत वर्षभराच्या वर भरवशाचा धरू नका.